मले गाडी लागते

सहलीच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्या लेकराला कारण विचारून पाहा. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "मले गाडी लागते."

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या पोरानं मला हेच सांगितलं. माझ्या मुलाच्या वर्गात आहे, सहावीत. अकोल्यातली डिसेंबरची संध्याकाळ, दोघं ओट्यावर बसून गणितं सोडवत होते. मी विचारलं, "का रे, सहलीले चालला ना तू?" वहीतून मान वर काढली नाही त्यानं. "नाही ना काकू. मले गाडी लागते."

त्याचा बाप धान्य बाजारात हमाल आहे. माय सकाळी बायकांबरोबर ऑटोत बसून शहराबाहेरच्या वावरात कापूस वेचायला जाते. हे लेकरू आजवर गावाबाहेर गेलं ते आजोळी मूर्तिजापूरला, तेही रेल्वेनं. घाटातली बस त्यानं पाहिलेली नाही. गाडी लागते हे त्याला कळलं कुठून?

मला मात्र सगळं कळलं. बारा वर्षांची असताना मीही वर्गात उभी राहून हेच बोलले होते.

* * *

आधी आमच्या घरचं सांगते. शाळेचा मेसेज शनिवारी आला. सहलीचे चौदाशे रुपये शुक्रवारपर्यंत जमा करा, नंतर नाव घेतलं जाणार नाही. दोन लेकरं, एकच शाळा. अठ्ठावीसशे रुपये आणि हातात सहा दिवस.

घरचा हिशेब उघडा मांडते, कारण तो झाकण्यातूनच पुढचं खोटं सुरू होतं. नवरा एका दाल मिलमध्ये हिशेब लिहितो. पगार २२,००० रुपये. घरभाडं ५,५००. किराणा आणि भाजी ६,०००. दूध १,८००. गॅस, वीज आणि दोन मोबाइल १,९००. शाळेची व्हॅन आणि शिकवणी ३,६००. गाडीचा हप्ता २,१००. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या ९००. बेरीज २१,८००. उरले २००. लग्नाचा आहेर, लेकराचा ताप आणि सायकलचं पंक्चर या दोनशेतून निघायचं असतं.

आता हेच पैसे जुलैत मागितले असते तर? जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत २४ आठवडे होतात. १,४०० भागिले २४. आठवड्याला ५८ रुपये. दोघांचे ११७. भाजीबाजारात एक पिशवी कमी भरली की निघतात. सहा दिवसांत हेच पैसे मागितले की शेजारी हात पसरावा लागतो, नाहीतर बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागतं, नाहीतर आठवडी हप्त्यावाल्याला दारात बोलवावं लागतं.

साधारण घराला सहल रकमेनं जड होत नाही. मुदतीनं होते. आज मला एवढंच सांगायचं आहे, आणि हे प्रत्येक मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाऊन सांगायची माझी तयारी आहे.

* * *

शाळेचं वेळापत्रक आखताना वावराचं वेळापत्रक कोणी पाहत नाही. वऱ्हाडात तरी पाहायलाच हवं.

आपल्याकडे उन्हापायी शाळा उशिरा, जून संपता संपता उघडतात. तेव्हाच पेरणी. एका हाताला बियाणं आणि खत, दुसऱ्या हाताला वह्या, दप्तर आणि गणवेश. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पण कृषी केंद्राची उधारी त्याच्या आधी वावरात येऊन बसलेली असते. २०२५-२६च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात भाव बहुतेक दिवस त्याच्या खाली राहिला. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास होते. त्याचा पैसा मात्र चुकारा झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत सुटतो.

म्हणजे सहलीचा महिना आणि कापसाच्या पैशाचा महिना एकच आहे. आठ-पंधरा दिवसांचा फरक. तेवढ्या आठ-पंधरा दिवसांसाठी लेकरांची नावं कापली जातात.

चौदाशे रुपये म्हणजे किती, तेही पाहा. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. त्या भावानं अठरा किलो कापूस. सोयाबीन असेल तर सव्वीस किलो, तेही हमीभाव पदरात पडला तर. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६मध्ये दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. एका लेकराची सहल म्हणजे साडेचार दिवसांची मजुरी, आणि त्या साडेचार दिवसांत घरात चूल पेटवायची नाही. हमालाच्या घरात शुक्रवारपर्यंत हे पैसे कुठून येतील, याचं उत्तर मेसेज पाठवणाऱ्यानं आधी शोधावं आणि मग बोट लावावं.

* * *

१९९२चा जानेवारी. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असा मुलूख. मी सातवीत होते. सहल चिखलदऱ्याची, चाळीस रुपये.

बाबांचा कापूस विकून झाला होता. चुकारा यायचा होता. बाबा म्हणाले, "चार दिवस थांबा म्हणा गुरुजीले." गुरुजी थांबू शकले नाहीत. बसचे पैसे आधी भरायचे होते. वर्गात नावं वाचली. माझं आलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून विचारलं, "तू काहून नाही व?" बाबांकडे पैसे नाहीत हे सांगायला जीभ वळली नाही. मी म्हटलं, "मले गाडी लागते."

बस शनिवारी पहाटे गेली. चुकारा सोमवारी आला. बाबांनी चाळीस रुपये माझ्या हातावर ठेवले. "घे. तुह्या चिखलदऱ्याचे." ते चाळीस रुपये मी कंपासपेटीत ठेवले. जूनमध्ये आठवीच्या पुस्तकांना गेले.

सहलीच्या दिवशी उरलेल्या लेकरांचं काय होतं, हे सहलीला गेलेल्यांना कधी कळत नाही. आम्हा तीन वर्गांतल्या नऊ जणांना एका खोलीत बसवलं आणि फळ्यावर शुद्धलेखन लिहून दिलं. दोन दिवसांनी निबंध आला. विषय: आमची सहल. मी मैत्रिणीला विचारून लिहिला. पंचबोल पॉइंटवर हाक मारली की ती पाच वेळा परत येते, असं तिनं सांगितलं, तसं मी लिहिलं. दहापैकी सात गुण मिळाले. न पाहिलेल्या जागेबद्दल मी शाळेत शिकून पहिल्यांदा खोटं लिहिलं ते असं.

आजही हाच निबंध येतो. शिक्षकहो, एवढं तरी बंद करा. वर्गातलं एक जरी लेकरू घरी राहिलं असेल, तर ‘आमची सहल’ हा विषय त्या वर्षी द्यायचा नाही.

* * *

शिक्षण हक्क कायदा २००९चा. १ एप्रिल २०१०पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शिक्षण मोफत. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत. दुपारचा पोषण आहार मोफत. गावाहून शाळेत येणाऱ्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एसटीचा पास मोफत. या सगळ्यासाठी माणसं झिजली आहेत, तेव्हा ते मिळालं आहे.

मग त्याच शाळेत वर्षात एकदा यादी लागते. या बाजूला पैसे भरलेले, त्या बाजूला न भरलेले. एकाच रंगाच्या गणवेशात सहा महिने शेजारी बसलेल्या लेकरांना "तू गरीब आहेस" हे पहिल्यांदा कोण सांगतं? ही यादी सांगते. कायद्यानं जे झाकलं ते एका कागदानं उघडं पडतं.

सहल शिक्षणाचा भाग आहे असं शाळाच म्हणते. परवानगीच्या अर्जावर ‘शैक्षणिक सहल’ असंच लिहिलेलं असतं. शैक्षणिक असेल तर ती सगळ्यांची असली पाहिजे. सगळ्यांची करता येत नसेल, तर जागा बदला, खर्च बदला, पण लेकरू गाळू नका.

* * *

शाळांना पहिला प्रश्न. बस कोणाची?

एसटी महामंडळ शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारावर बस देतं आणि भाड्यात ५० टक्के सवलत देतं. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची भाडेवाढ १४.९५ टक्के झाली, तेव्हा ही अर्धी सवलत आधीपेक्षा जास्त मोलाची झाली. तरी खासगी आराम बस कशासाठी ठरवता? आगारात बस शिल्लक नव्हती, हे उत्तर मी ऐकलं आहे. डिसेंबरात सगळ्याच शाळा आगाराच्या दारात उभ्या राहिल्या तर बस कशी शिल्लक राहील? ऑगस्टमध्ये अर्ज द्या. तारीख बुधवारची घ्या, शनिवार-रविवारची नको.

आराम बसमध्ये पडदे असतात, गादीची खुर्ची असते, गाणी असतात. लेकराला त्यातलं काही लागत नाही. लेकराला खिडकी लागते. ती लाल बसला आहे.

दुसरा प्रश्न. हिशेब कुठे आहे? चौदाशेतले बसचे किती, जेवणाचे किती, प्रवेशाचे किती, मुक्कामाचे किती, हे चार आकडे फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात. ते लिहिलेले दिसले की पालक भांडत नाही, उलट मार्ग सुचवतो. जेवण घरून देतो, तेवढे कमी करा, असं म्हणणाऱ्या वीस माया एका वर्गात निघतील.

* * *

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. जायचं कुठं?

अकोल्यातल्या लेकरांना तीनशे किलोमीटरवरच्या वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्यांची नावं पाठ आहेत. बाळापूर मात्र अनेकांनी पाहिलेलं नाही, आणि बाळापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर अठराव्या शतकात पुरा झालेला किल्ला, आणि जवळच मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाची छत्री. १६६५चा पुरंदरचा तह आपली लेकरं परीक्षेसाठी घोकतात. तह करणाऱ्या त्याच जयसिंगाच्या नावाची छत्री आपल्या तासाभराच्या वाटेवर उभी आहे, हे त्यांना कोणी दाखवत नाही.

अकोट तालुक्यात सातपुड्यावर नरनाळा. महाकाली दरवाजाचं कोरीवकाम, नऊगजी तोफ, किल्ल्यावरची तळी. डोंगराच्या माथ्यावर पाणी कसं साठवलं, हा धडा पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातल्या लेकरांना नको का?

अकोल्यातच १९६९ साली स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. कापसाची जात कशी तयार होते, तिला किती वर्षं लागतात, बोंडअळी बोंडात कशी शिरते, हे तिथल्या शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकलेलं लेकरू मायच्या हातावरचे ओरखडे वेगळ्या नजरेनं पाहील. हमालाच्या, मजुराच्या, शेतकऱ्याच्या पोराला आपल्या घरच्या कामाचं शास्त्र आहे हे कळणं, याच्याइतकी शैक्षणिक सहल दुसरी कोणती?

अमरावतीकरांकडे तर निवडीचा प्रश्न पडावा. चिखलदऱ्याला गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ला तो इंग्रजांनी घेतला. घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. जगाच्या इतिहासाचं एक टोक आपल्या परतवाड्याच्या वरच्या डोंगरात अडकलेलं आहे. नागपूर रस्त्यावर मोझरीचा गुरुकुंज आहे. रिद्धपूर आहे, महानुभावांचं, जिथं लीळाचरित्राची वाट सुरू होते, आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठही तिथंच आहे. खुद्द शहरात वडाळीचं बांबू उद्यान आहे. १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डी खेळणाऱ्या पोरांना त्या मातीवर उभं करा आणि ही गोष्ट सांगा. कोणत्याही घसरगुंडीपेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

आणि ज्याला काहीच परवडत नाही त्या शाळेनं पूर्णेच्या काठावर जावं. एका विहिरीचं पाणी बाटलीत भरा, दहा किलोमीटर पुढच्या विहिरीचं दुसऱ्या बाटलीत. चव घ्या. हे खारट का, ते गोड का, यावर लेकरांना अख्खा दिवस बोलू द्या. त्या पाण्यावर आपल्या आजा-पणज्यांचं आयुष्य गेलं आहे.

लांब जाऊच नये असं मी म्हणत नाही. लोणारला जा. उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये झालेलं विवर आणि २०२०पासून रामसर यादीत असलेलं पाणथळ आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. समुद्रही दाखवा. मात्र जूनमध्ये सांगा.

* * *

खर्च शाळाच वाढवते असंही नाही. सहलीआधीच्या आठवड्यात बाजारात जाऊन पाहा. नवे बूट, टोपी, गॉगल, चिप्सची पाकिटं. चौदाशेची सहल दोन हजारांवर जाते ती घरातून.

यावर शाळेनं तीन नियम करावेत आणि पालकांनी ते पाळावेत. गणवेशातच यायचं. खिशात पन्नास रुपयांहून जास्त नको. डबा घरचा आणि सगळे डबे एकत्र उघडायचे. सहलीच्या डब्याचं शास्त्र वऱ्हाडातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत तिळाची नाहीतर जवसाची चटणी, ठेचा, गूळ-शेंगदाणे आणि मोसम असल्यामुळे मोर्शी-वरुडची संत्री. हे डबे सतरंजीवर एकत्र आले की कोणाच्या घरी काय शिजतं याचा फरक पंगतीत विरघळून जातो.

* * *

आता माझ्यासारख्या पालकांना.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण लेकरांना शंभरदा ऐकवतो. अंथरूण केवढं आहे ते मात्र दाखवत नाही. दाखवा. रविवारी कागद घ्या, पगार लिहा, भाडं लिहा, किराणा लिहा. आठवीतल्या मुलीला हे सगळं समजतं. आमच्या मुलीनं परवा तो हिशेब पाहिला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, व्हॅन बंद करू. मी सायकलनं जाते." व्हॅन आम्ही बंद केली नाही, रस्ता धोक्याचा आहे. पण त्या दिवसापासून ती घरची भागीदार झाली. आकडा माहीत असलेलं लेकरू हट्ट करत नाही आणि स्वतःला दोषही देत नाही. आकडा लपवला की ते दोन्ही करतं.

लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये ऑगस्ट २०२४पासून अनेक घरांत येऊ लागले. ते तेल-मिठात जातात, आणि त्यासाठीच आहेत. पण ज्या घरी जमेल तिथं त्यातून आठवड्याचे साठ रुपये लेकराच्या नावानं मातीच्या गल्ल्यात टाका. गल्ला लेकराच्या हातानं भरू द्या. पूर्वी शाळाशाळांत संचयिका असायची. लेकरं रुपया-दोन रुपये भरायची, पासबुकावर स्वतःचं नाव पाहायची, १५ सप्टेंबरला संचयिका दिन व्हायचा. वर्गात सहलीची अशी वही पुन्हा सुरू करायला कोणाचा शासन निर्णय लागत नाही. एक शिक्षक आणि एक वही पुरते.

जपानमध्ये शाळेच्या मोठ्या सहलीसाठी पालक महिन्या-महिन्याला थोडे पैसे खूप आधीपासून जमा करतात, आणि गरजू घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत सहलीचा खर्चही धरलेला असतो. आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत देश एवढ्या लांबून तयारी करतो. आपण सहा दिवस देतो.

आणि लाज सोडा. मी सोमवारी शाळेत गेले. बाईंना सरळ म्हटलं, एकरकमी जमणार नाही, तीन हप्ते द्या. मला वाटलं होतं, नियम सांगतील. त्यांनी त्याच मिनिटाला होकार दिला आणि म्हणाल्या, "द्या ना सवडीनं. पण कोणी विचारतच नाही हो. परस्पर नाव गाळतात." किती शिक्षक दर वर्षी दोन-तीन लेकरांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात आणि बोलत नाहीत, हेही मला तिथंच कळलं. त्यांच्या चांगुलपणावर व्यवस्था चालवणं बरोबर नाही.

* * *

म्हणून मागणी स्पष्ट मांडते. अमरावती असो की अकोला, जिल्हा परिषदेची शाळा असो की संस्थेची.

एक, सहलीची जागा, तारीख आणि रक्कम शाळा उघडल्यावरच्या पहिल्या पालकसभेत सांगा.
दोन, पैसे हप्त्यानं घ्या, आणि शेवटचा हप्ता सहलीनंतर, कापसाचा चुकारा झाल्यावर, द्यायची मुभा ठेवा.
तीन, रकमेची फोड फळ्यावर लिहा.
चार, पैसे भरलेल्यांची नावं वर्गात वाचू नका, ग्रुपवर टाकू नका.
पाच, प्रत्येक बसमधल्या चार जागा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून भरा आणि त्या कोणाला दिल्या हे वर्गशिक्षकाशिवाय कोणालाही कळू देऊ नका.

वर्गणी कशी होईल, असं अमरावतीत तरी कोणी विचारू नये. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १८७६ साली याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसानं लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. ताटं विका, हातावर भाकर घ्या, पण लेकराला शिकवा, असं ते लोकांना सांगत फिरले. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या शाळेनं त्याच आठवड्यात चार लेकरं घरी ठेवून बस हलवू नये.

* * *

सोमवारी शाळेतून येताना त्या पोराच्या घरी गेले. त्याची माय नुकतीच वावरातून आली होती, ओट्यावर बसून पायाचे काटे काढत होती. मी म्हटलं, सहलीचे पैसे हप्त्यानं चालतात, बाईंनी सांगितलंय. ती माझ्याकडे पाहत राहिली. "कोणती सहल व बाई? मले त् पोट्ट्यानं सांगतलंच नाही."

मेसेज बापाच्या मोबाइलवर आला होता. पोरानं तो वाचला आणि पुसून टाकला.

माय काही बोलली नाही. आत गेली, डब्यातून घडी घातलेली नोट घेऊन बाहेर आली. "पाचशे त् आत्ताच देतो मी. बाकीचे वेचणी सरली का देतो." पोरगं दारात उभं होतं. मायनं त्याला विचारलं, "तुले गाडी कवापासून लागाले लागली रे?" त्यानं उत्तर दिलं नाही.

मला त्याचं उत्तर माहीत आहे. चिखलदरा मी पाहिलं ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला, मी पिशवीत लिंबू आणि आलेपाक घेऊन बसले होते, कारण एकोणीस वर्षं मी हेच सांगत आले होते आणि माझाही त्यावर विश्वास बसला होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. काही झालं नाही. मी खिडकी उघडली आणि वरपर्यंत बाहेर पाहत गेले.

मला गाडी लागत नाही.

तुमच्या वर्गात या वर्षी ज्याला गाडी लागते, त्याला एकदा खिडकीजवळ बसवून पाहा.